भांड्यांच्या खोलीची दोन कुलपं

कुलूप उघडायला किल्ली लागते, असा आमच्या शिरड शहापूरच्या लोकांचा एक भाबडा समज होता. तो दूर करण्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी चांगलं पार पाडलं, असं माझं मत आहे. वस्तीचं मत थोडं वेगळं आहे.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मॅट्रिक होईपर्यंत मी औरंगाबादला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले आणि मग घरी परतले. येताना दोन गोष्टी आणल्या. एक, माझं इंग्रजी, जे ऐकायला शिरडमध्ये कुणी नव्हतं. दुसरी, मावशीच्या रद्दीतला एक जाडजूड इंग्रजी अंक. त्यात कुलपाचं पोट फाडून आतलं सगळं चित्र काढून दाखवलं होतं. कुठली पट्टी उचलायची, कुठे जोर द्यायचा, कडी कशी सुटते, सगळं. इतर मुली त्या वयात स्वेटर विणत होत्या. मी सायकलच्या चाकाची एक तार ठोकून चपटी केली, केसांतल्या दोन पिना सरळ केल्या आणि कामाला लागले.

मी मुळात बुजरी. चार माणसांत तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटायचा. (वस्तीत निम्म्या लोकांना वाटे की इंग्रजी शिकताना माझं मराठी सांडलं.) कुलूप मात्र माझ्याच स्वभावाचं निघालं. गप्प लोंबकळत राहायचं, आत काय चाललंय ते कुणाला कळू द्यायचं नाही. आमचं लगेच जमलं.

आईच्या फडताळाचं कुलूप पहिल्याच आठवड्यात शरण आलं. आत साखर होती. ती कमी होतेय हे आईच्या लक्षात यायला बराच वेळ लागला, कारण कुलूप तर जागच्या जागी. शेवटी तिने मुंग्यांना बोल लावला आणि फडताळाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. मी पाणी न सांडता साखर खायला शिकले.

मग ट्रंक झाली, शेजारच्या गयामावशीच्या कोंबड्यांचं खुराडं झालं, आणि माझी नजर भांड्यांच्या खोलीवर गेली.

ही खोली समाजमंदिराला लागून होती. वस्तीत लग्न असो की जयंती, पंगतीची सगळी भांडी तिथूनच निघत. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेली. पूर्वी तिला एकच कुलूप होतं. मग एका लग्नानंतर मोठा झारा सापडेना. वरच्या आळीने खालच्या आळीकडे पाहिलं, खालच्या आळीने वरच्या आळीकडे पाहिलं, आणि पुष्कळ पाहून झाल्यावर असं ठरलं की दाराला दोन कुलपं लावायची. वरच्या आळीच्या कुलपाची किल्ली माझ्या बाबांकडे, म्हणजे गुरुजींकडे. खालच्या आळीची सटवाजीकाकांकडे. एकट्याने कुणी आत जायचंच नाही.

बाबा ती किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात सेफ्टी पिनेने अडकवून ठेवत. वस्तीने विश्वासाने दिलेली वस्तू म्हणून अंघोळीला जातानासुद्धा आईच्या हातात देऊन जात. सटवाजीकाकांचा थाट आणखी मोठा. कुलूप काढायची वेळ आली, की ते सगळ्यांना मागे सारत, पाठमोरे उभे राहत, खांदे वर करून बराच वेळ काहीतरी करत, आणि मगच कुलूप हातात घेऊन वळत. किल्लीचे दाते कुणाला दिसू नयेत म्हणून, असं आम्ही समजत होतो.

एका दुपारी वस्ती झोपलेली पाहून मी त्या दाराशी गेले. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू नये एवढी सभ्यता माझ्यात होती, म्हणून बाबांचंच निवडलं. ते कुलूप तळहाताएवढं, निजामाच्या काळातलं, आणि स्वभावाने फार कडक. बराच वेळ झटापट झाली आणि माझ्या पिनेचं टोक मोडलं. कुठे पडलं ते दिसलं नाही. मातीत गेलं असेल म्हणून मी सोडून दिलं आणि घरी आले.

त्याच आठवड्यात गयामावशीच्या रंजनाचं लग्न होतं. वऱ्हाड वारंगा फाट्याहून ट्रकने दुपारपर्यंत येणार. सकाळी चुलाण पेटलं, तांदूळ निवडून झाले, आचाऱ्याने बाह्या वर केल्या, आणि कुणीतरी विचारलं की भांडी कुठायत. भांडी खोलीत होती. बाबा किल्ली घेऊन हजर होते. सटवाजीकाका मात्र पहिल्या गाडीने औंढ्याला गेले होते पत्रावळ्या आणायला. आणि किल्ली त्यांच्या खिशात.

गयामावशी दारासमोर मटकन बसली.

"वऱ्हाड येऊन राह्यलं, अन् माझ्या दारात पातेलं न्हाई. आता भात काय पदरात शिजवू?"

रंजना तिच्या मागे उभी होती. लग्नाचं पांढरं पातळ नेसलेली, आणि चेहराही त्याच रंगाचा. पहिल्याच दिवशी सासरची माणसं उपाशी राहिली, तर ते ती म्हातारी होईपर्यंत ऐकवलं जाणार होतं.

"मी उघडते," मी म्हणाले.

सगळे इकडेतिकडे बघू लागले. माझा आवाज कुणी ऐकलाच नव्हता, त्यामुळे कोण बोललं हे कळायला त्यांना जरा वेळ लागला. मी पुढे झाले, केसांतून पिन काढली, कमरेला खोचलेली तार काढली. (तार कमरेला का होती, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.) बाबांच्या कुलपाला किल्ली होतीच, तेव्हा आधी सटवाजीकाकांचं घेतलं.

खरं सांगायचं तर ते सोपं गेलं. पण एवढी माणसं जमली होती, म्हणून मी थोडा वेळ घेतला. डोळे मिटले, कान कुलपाला लावला, तार फिरवली, पिन दाबली, आणि शेवटी एक झटका दिला. कडी सुटली.

"माय वं," मागून एक म्हातारी म्हणाली, "पोरगी न्हाई, किल्लीच हाय ही."

सगळ्यांनी मान डोलावली. रंजनाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. आईच्या चेहऱ्यावर अभिमान आला, आणि त्याच्या मागोमाग साखर आली. मी घाईने बाबांना म्हणाले, "आता तुम्ही तुमचं उघडा."

बाबांनी सेफ्टी पिन सोडली, किल्ली कुलपात घातली. ती अर्धी गेली आणि थांबली. बाबांनी ती काढून पुसली, फुंकली, पुन्हा घातली. पुन्हा अर्धी. कुणीतरी गोडंतेल आणून ओतलं. कुलूप तेल प्यायलं आणि तसंच बसलं. तेव्हा मला कळलं, की माझ्या पिनेचं टोक मातीत गेलेलं नाही.

"सुमे," बाबा हळूच म्हणाले, "तुला येतं ना? उघड मग."

मी पुन्हा डोळे मिटले. या वेळी मनापासून. पिन घातली, तार फिरवली, जोर दिला. आता आत दोन टोकं झाली.

एवढ्यात सटवाजीकाका पत्रावळ्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन आले. त्यांनी गर्दी पाहिली, आणि गयामावशीच्या हातात त्यांचं कुलूप पाहिलं. काय झालं ते सांगायला दहा तोंडं एकदम उघडली. त्यातलं खालच्या आळीचं एक तोंड जरा जास्तच उघडलं.

"गुरुजीची पोरगी तारेनं कुलूप काढती म्हणं. मंग त्यो झारा कुठं गेला, त्ये आता कळलं."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. झारा गेला तेव्हा मी औरंगाबादेत पाढे पाठ करत होते, पण हे सांगायला माझं तोंड उघडेना. (त्याला कुठलीच तार चालत नाही.) बाबांनी कुलपातली किल्ली काढली आणि सटवाजीकाकांसमोर धरली.

"घ्या. आजपासून ही माझ्याकडे नको."

काकांनी ती घेतली नाही. गठ्ठा खाली ठेवला, डोक्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं, खालच्या आळीकडे बघितलं, वरच्या आळीकडे बघितलं. आणि एखादं दुखणं सांगावं तसे म्हणाले,

"खिशात ठेवा गुरुजी. पोरीनं काय बी उघडलं न्हाई."

"आम्ही डोळ्यानं पाह्यलं की," गयामावशी म्हणाली.

"त्ये कुलूप दोन सालापासून बिघडलंय. आतलं तुटलंय. नुसतं दाबून बसवायचं, झटका देला की निघतं."

"मंग तुमी पाठ करून येवढा वेळ काय करून राह्यले व्हते?"

"किल्ली फिरवीत व्हतो. आळीचा मान हाय." मग त्यांनी त्या जास्त उघडलेल्या तोंडाकडे पाहिलं. "दोन साल ही खोली एकट्या गुरुजीच्या कुलपावर हाय. एक पळी तरी गेली का? सांग बरं."

तोंड मिटलं. बाबांनी किल्ली परत खिशात ठेवली आणि सेफ्टी पिन लावली, जरा जोरातच. सगळ्यांना समाधान वाटलं. एकटी मी उघड्या कुलपाला कान लावून उभी राहिलेली बाई ठरले.

गयामावशीला मात्र मानापमानात रस नव्हता. ती घरात गेली, वरवंटा घेऊन आली, "सरका" म्हणाली, आणि दोन घावांत निजामाच्या काळातलं ते कुलूप खाली पाडलं. भात वेळेवर शिजला. वऱ्हाड पोटभर जेवलं. रंजनाला कुणी काही ऐकवलं नाही.

जेवणं झाल्यावर नवरदेवाची आजी मांडवात विचारत फिरू लागली, की पिनेनं कुलूप काढणारी पोरगी कोणती. गोष्ट वऱ्हाडापर्यंत पोचली होती, पण अर्धीच. आईने मला पुढे ढकललं. आजीच्या पानाच्या डब्याला चिमुकलं कुलूप होतं आणि त्याची किल्ली वारंग्याला राहिली होती. मी पिन काढली, डोळे मिटले, आणि या वेळी आधी एक झटका देऊन पाहिला.

उघडलं.

तेव्हापासून वारंगा फाट्याच्या बाजूला माझं चांगलं नाव आहे. अजूनही तिकडून कुणी ना कुणी अडलेलं कुलूप घेऊन येतं. मी तार मांडते, पिना मांडते, कान लावते आणि झटका देते. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. उरलेल्या वेळी मी शांतपणे डोळे उघडते आणि सांगते, वरवंटा आणा.