जुन्या खलाशाचा अंगठा

पंच्याहत्तर सालचा मे. सकाळी आठलाच ऊन चटके देत होतं. महाल वस्तीतले मंडपवाले रुपराव ओसरीवर फाटलेली कनात शिवत बसले होते, तेव्हा गोव्याहून आणखी एक पत्र आलं.

शीडबोटीवर खलाशी हवा, नवशिका चालेल, अशी जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला होता. समुद्र कधी पाहिला नव्हता, पण दोर, गाठी आणि कापड हातातलं होतं. बोटमालकानं लगेच बोलावलं. पण नवा मालक धरण्याआधी त्याच्या जुन्या गड्याला विचारायचं, ही मंडपवाल्यांची रीत. म्हणून रुपरावांनी जुन्या खलाशाचा पत्ता मागवून त्याला लिहिलं होतं. त्याचं उत्तर आज आलं: मालक देवमाणूस, बिनघोर या.

त्यांच्या बायकोनं, गोपिकानं, मालकाचं आणि खलाशाचं अशी दोन्ही पत्रं शेजारी धरली. "अक्षर तं एकच दिसून राहिलं जी."

"त्याले लिहिता येत नसन. खाली अंगठा हाय ना."

"अंगठा कोणाचाबी असू शकते. आन् अनाडी माणूस त्याले काहून पाह्यजे?"

रुपरावांनी तो अंगठा उन्हात धरून पाहिला. मग पत्र खिशात घालून त्यांनी कनात मांडीवर ओढली.

"सुईत दोरा ओवून दे वं. संध्याकाळी बर्डीवर मंडप टाकाचा हाय."