दोन पायांची दोन मापं

आक्का माझी मावसबहीण. तिच्या बुटांच्या कारखान्याचा व्याप इतका वाढला होता की इंटरनेटवर दुकान काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी तिच्या मुलाने एक प्लॅटफॉर्म जवळजवळ पक्का केला होता. त्या कंपनीचा माणूस लॅपटॉपवर तो दाखवत होता.

"डाव्या-उजव्या पायाची मापं वेगळी असली तर कुठे भरायची?" आक्काने विचारलं.

"एका जोडाला एकच माप, मॅडम. अशी गिऱ्हाइकं असतात किती? सोडून द्या त्यांना."

आक्काचा पारा चढला. "सोडून द्या? त्यातलंच एक तुमच्या शेजारी बसलंय! याला बाजारात जोड मिळेना म्हणून मी दाभण हातात घेतलं, त्यातून हा कारखाना उभा राहिला. आता याच्यासारख्यांनाच दाराबाहेर ठेवू?"

मुलाने डावा पाय हळूच खुर्चीखाली ओढला. शाळेत माझ्या हाताखाली शिकताना, वर्गातही तो असाच बसायचा.

"पाय बाहेर काढ!" आक्का कडाडली. "लाज यांना वाटू दे, तुला कशाला?"

मुलाने पाय पुढे घेतला आणि समोरचा लॅपटॉप मिटला. "आई, दोन मापं विचारणारा प्लॅटफॉर्म शोधतो."

"आधीच शोधायचा होतास, गाढवा," ती म्हणाली, पण तोवर तिचा आवाज भरून आला होता.