मीठ आणायला

वाण्याच्या दुकानाला स्वतःचा असा एक गंध असतो. हिंग, गूळ, सुकं खोबरं, किंतानाची पोती आणि कोपऱ्यातल्या डब्यातलं रॉकेल या साऱ्यांचा मिळून तो झालेला असतो, आणि तरी यांतल्या कुठल्याच एका वस्तूचा तो नसतो. भाद्रपदाच्या दमट हवेत तर तो रस्त्यावर येऊन जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगाला बिलगतो. सून म्हणून कर्जतला आले, तेव्हा त्या परक्या गावात माझ्या ओळखीचा झाला तो आधी हा गंध. दुकानात मात्र मी कित्येक महिने पाऊल टाकलं नव्हतं. वासाने आमच्या घरापर्यंत यावं, पण आम्ही बायकांनी दुकानापर्यंत जाऊ नये, अशी त्या घराची रीत होती!

माझं माहेर खालापूरचं. तिथं परसदार उघडलं की भाताची खाचरं, आणि त्यांच्यापलीकडे डोंगर. इथं कर्जतला घर पेठेतलं. घाट चढायच्या गाड्यांना मागून इंजिन जोडत, त्यांच्या शिट्ट्या दिवसभर कानांवर पडत. माझे सासरे मामलेदार कचेरीत कारकून होते. आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू. अबोल, नेमस्त गृहस्थ. घरात लागेल ते सामान संध्याकाळी कचेरीतून परतताना विठोबाशेटच्या दुकानातून तेच आणत. काय लागेल हे सांगण्याचीही एक तऱ्हा होती. जेवताना ताक वाढता वाढता सासूबाई हलकेच म्हणत, "गूळ वाढला." संपला म्हणणं अभद्र, आणि 'आणा' म्हणणं तर त्याहून अवघड. त्या साऱ्या संसारात या माऊलीने स्वतःच्या तोंडाने कुणाकडे काही मागितलं असेल का? मला नाही वाटत. बाईच्या आयुष्यातून मागणं पुसून टाकण्याची किती नाजूक, किती सभ्य रीत होती ती!

विठोबाशेट म्हणजे पेठेतला भला माणूस. मूलबाळ म्हणजे दोन लहान मुली. त्याची बायको राधाकाकू आमच्या सासूबाईंच्या ओळखीची. गौरीच्या हळदीकुंकवाला यायची, तेवढीच ओळख. एरवी ती माजघराच्या उंबऱ्याआड बसून डाळी निवडायची. गिऱ्हाइकाने मागितलेलं शेटने आत ओरडून सांगावं आणि तिचा हात तेवढा उंबऱ्याबाहेर यावा, असं त्या दुकानाचं चाले.

मी आले त्या वर्षी श्रावण संपता संपता विठोबाशेटला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दुकानाच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच. त्याचा धाकटा भाऊ खोपोलीला राहायचा. तो येऊन पाहून गेला. दुकान बंद करावं आणि दसऱ्यानंतर सर्वांनी खोपोलीला त्याच्या घरी यावं, असं त्याने वहिनीला सांगितलं. माणूस वाईट नव्हता; पण दिराच्या दारात आजारी नवरा आणि दोन लेकी घेऊन राहणं कसं असतं, ते कुणी सांगायला का हवं?

आणि मग एका सकाळी पेठेने पाहिलं, की राधाकाकूने स्वतः एकेक फळी काढून दुकान उघडलं आहे. देवापुढं उदबत्ती लावली आहे. गादी तशीच रिकामी ठेवून, तिच्या शेजारी पाट मांडून, डोक्यावरचा पदर सावरत ती बसली आहे.

गिऱ्हाईक फिरकलं नाही. कुणी तिला वाईट बोललं, अडवलं, असं काही झालं नाही. लोक नुसते जाईनात. बाईशी भाव कसा करायचा, बाईच्या हातून सुपारी कशी घ्यायची, या संकोचाने पुरुषमाणसं मान खाली घालून पुढं जात आणि स्टेशनाजवळच्या दुकानातून सामान घेत. आमचे मामंजीही त्यांतलेच. त्यांनी आणलेली तूरडाळ शिजली, तेव्हा सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, ही विठोबाशेटची नव्हे.

पुढं काही दिवस सासूबाई कामातून मधेच उठून दारापाशी जात. आमच्या ओट्याच्या टोकावरून ते दुकान तिरकं दिसे. पाटावर बसलेली ती एकटी बाई दिसे. त्या पाहत आणि परत येत. मनुष्याला मोडायला वादळच लागतं असं थोडंच आहे? समोरून रोज माणसं जात राहावीत आणि एकानेही पायरी चढू नये, एवढंही पुरतं.

एका दुपारी, जेवणं आटोपून मी भांडी लावत होते. पाहते तो सासूबाई बाहेर जायचं लुगडं नेसून, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभ्या. हातात मापटंभर तांदूळ बांधलेलं फडकं होतं. आमच्याकडे तांदूळ देऊन मीठ घेण्याची चाल होती.

"चल गं," त्या म्हणाल्या.

कुठं, म्हणून मी विचारलं.

"मीठ आणायला."

मिठाची बरणी मी त्याच सकाळी भरली होती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी पदर खोचला आणि निघाले.

ते अंतर ते किती! पण त्या चालत होत्या जणू नदीच्या पात्रातून, पाऊल टाकण्याआधी तळ चाचपत. ओट्या-ओट्यांवर बसलेल्या पुरुषांची बोलणी थांबली. दुकानाच्या पायरीशी पोहोचलो, आणि सासूबाई तिथंच थबकल्या. माझ्या लक्षात आलं, की दुकानात जाऊन काय म्हणायचं असतं, तेच त्यांना ठाऊक नव्हतं. राधाकाकूही पाटावरून अर्धवट उठून तशीच राहिली. आलेल्या गिऱ्हाइकाला काय म्हणायचं, ते तिलाही सुचेना. दोन प्रौढ, संसारी बायका एकमेकींकडे पाहत उभ्या!

अखेर सासूबाईंचा आवाज फुटला. "राधाबाई, मीठ द्या."

राधाकाकूने तांदूळ घेतले. पेणच्या मिठागराचं खडे मीठ मापताना तिने मापटं इतकं शीग लावून भरलं, की खडे पायरीवर सांडले. आतून खाटेची कुरकुर ऐकू आली. विठोबाशेट डाव्या कोपरावर रेलून उठू पाहत होता. त्याला शब्द नव्हते. पण मान वळवून, आपल्या दुकानात कोण आलं आहे, ते तो पाहत होता. सासूबाईंनी त्याच्या दिशेने हात जोडले.

रात्रीच्या पानावर मीठ वाढताना त्या नेहमीसारख्या आडून बोलल्या नाहीत. आपण मीठ आणलं, विठोबाशेटच्या दुकानातून, आणि सुनेला घेऊन गेलो होतो, असं त्यांनी सरळ सांगितलं. मामंजींचा हात पानावर थांबला. मग ते म्हणाले, "गूळही तिथूनच आणत जा. चांगला असतो."

एवढंच. पण दुसऱ्या दिवशी शेजारची वकीलीण आमच्याबरोबर आली. मग आणखी कुणी. बाजाराच्या दिवशी भाताच्या गावांतल्या कुणबिणी डोक्यावरच्या पाट्या उतरवून पायरीवर टेकू लागल्या. डोंगरातल्या ठाकरणी शिकेकाई आणि मध घेऊन तिथंच थांबू लागल्या. अळीव, डिंक, बाळंतशोपा हे सारं राधाकाकूने पुढं मांडलं. कारण पुरुषाला सांगायला लाज वाटते म्हणून घरोघरी जे मागितलंच जात नव्हतं, ते मागायला आता जागा झाली होती. एक म्हातारी कुणबीण मला म्हणाली ते अजून आठवतं, "पोरीच्या बाळातपणाला काय काय लागतं, ते बाप्याला कसं सांगू गं? आता बोलाया मोकळं हाय."

दसरा झाला आणि राधाकाकूचा दीर खोपोलीहून बैलगाडी घेऊन आला. पायरीवर बायकांची दाटी पाहून तो जरा वेळ रस्त्यातच उभा राहिला. वहिनीने त्याला आत बोलावून गूळपाणी दिलं. भावाजवळ थोडा बसून तो उठला, आणि गाडी जशी आणली तशी रिकामी हाकत परत गेला.

विठोबाशेट पुढं तीन-चार वर्षांनी गेला. दुकान राहिलं. दोन्ही मुली त्याच पायरीवरून सासरी गेल्या. गादीवर मात्र राधाकाकू कधी बसली नाही.

आज पेठेत तिच्या धैर्याचं कौतुक होतं, आणि ते व्हावंच. पण माझ्या मनात वेगळाच विचार येतो. दार उघडणाऱ्याचं धाडस जगाला दिसतं. त्या दारातून जो पहिल्यांदा आत जातो, त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहतं? सासूबाईंना तर आपण काही केलं असं कधी वाटलंच नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात, मी पायांना तेल चोळत बसले असता, त्या दिवशी मीठ घरात असताना का गेलात, म्हणून मी त्यांना विचारलं होतं.

त्या म्हणाल्या, "तिनं दुकान मांडलं होतं गं. कुणीतरी काही मागायला नको?"