आईचा डबा परत आणायला गेले तेव्हा

साठाव्या वर्षी मी फार शहाणी होते. टेंभुर्णीच्या शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते आणि आपल्याला न कळणारी गोष्ट जगात शिल्लक नाही अशी माझी पक्की समजूत होती. आता सत्तरी ओलांडल्यावर ती साठीतली शहाणी बाई आठवली की मला हसू आवरत नाही.

त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी इंग्लंडला गेले. सोबत डिंक, अळीव, खारीक आणि स्टीलच्या डब्यात दाबून भरलेलं ज्वारीचं पीठ. पीठ पिशवीत भर, डब्यानं वजन वाढतं, असं लेक फोनवर परोपरीनं सांगत होती. पण तो डबा माझ्या आईनं मला लग्नात दिलेला. आई कापूस वेचायला जायची, तिला अक्षर येत नव्हतं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात तिनं भांडेवाल्याकडून डब्यावर माझं नाव आणि त्याखाली ‘आईकडून’ असं कोरून घेतलं, आणि त्यानं भलतंच काही तर लिहिलं नाही ना, म्हणून दुकानातच उभं करून मला तीनदा वाचायला लावलं. आई गेल्यावर तिची म्हणून माझ्याकडे एवढी एकच वस्तू राहिली. डबा विमानात बसला.

नात झाली. पाचव्या दिवशी शेजारची म्हातारी सफरचंदाचा केक घेऊन आली. एकटीच राहायची, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. केक कागदी ताटलीत होता. तो संपल्यावर मी ताटली धुऊन, पुसून, वाळवून ठेवली, तर जावयानं ती कचऱ्यात टाकली. आली पंचाईत! आता परतफेड कशात करायची? मी धपाटे केले, घरातला सगळ्यात चांगला डबा काढला, म्हणजे आईचा, आणि लेक झोपलेली बघून देऊन आले. बाईनं डबा छातीशी धरला. बरंच काही बोलली. त्यातलं ‘थँक्यू’ आणि ‘ब्यूटिफुल’ मला समजलं. धपाट्यांना ब्यूटिफुल म्हणते म्हणजे बाई रसिक आहे, असं मी मनात नोंदवलं.

आमच्या गल्लीत डबा गेला की दोन-तीन दिवसांत परत येतो, आणि रिकामा कधी येत नाही. अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर टाकून येतो. मी वाट पाहिली. आठ दिवस झाले, डब्याचा पत्ता नाही.

तेव्हा माझ्या शहाण्या डोक्यानं शोध लावला. बिचारीकडे डब्यात घालायला काही नसेल, म्हणून लाजत असेल. तिला आठवण करून द्यायला हवी. तोंडानं मागणं बरं दिसत नाही, म्हणून मी दुसरा डबा पाठवला, शेंगदाण्याच्या चटणीचा. तोही गडप. मग तिसरा, तिळाच्या लाडवांचा. हे दोन्ही डबे लेकीच्या स्वयंपाकघरातले. तीर्थपुरीच्या बहिणीला मी फोन करून सांगितलं की इथली माणसं बोलायला गोड आहेत, पण डबे गिळतात.

एक दिवस लेक डाळ ओतायला डबा शोधू लागली.

“आई, डबे कुठं गेले सगळे?”

मी सांगितलं. ती हसायला लागली, टाके दुखायला लागले तेव्हा कुठं थांबली.

“अगं, तिला वाटलं तू डबेच भेट दिले.”

“डबा का कुणी भेट देतं?”

“तुला न्हाई का दिला आजीनं?”

“मंग मागून आण,” मी म्हटलं.

“दिलेली वस्तू परत कशी मागू? त्या बाईला काय माहीत, आपल्यात डबा पाव्हणा असतो म्हणून. जातो अन् येतो.”

दुसऱ्या दिवशी नातीला गाडीत घालून फिरवताना त्या बाईच्या खिडकीकडे लक्ष गेलं. काचेआड तीन डबे ओळीनं मांडलेले. तिन्हींत झाडं. मधला आईचा, त्यात पुदिना, आणि कोरलेली बाजू बरोबर रस्त्याकडे. भर इंग्लंडात माझं नाव खिडकीत लागलं होतं. तिथंच उभी राहून मी रडले. शेजारून कुत्रं फिरवणाऱ्या एका माणसानं ‘ऑल राइट?’ विचारलं, तर मी ‘व्हेरी गुड’ म्हटलं.

परतीचं विमान पंधरा दिवसांवर होतं. डबा तिथं सोडून आले असते तर आईला दुसऱ्यांदा सोडून आल्यासारखं झालं असतं. जावई म्हणाले, जालन्यात असे छप्पन डबे मिळतात. जावयाला उलटून बोलायचं नसतं म्हणून त्या दिवशी मी जेवले नाही.

शेवटी मीच गेले. पहिलीच्या वर्गाला एबीसीडी शिकवलेली, त्यामुळे इंग्रजी येतं असा माझा दावा होताच. वाक्य घरून पाठ करून नेलं. बाईनं आत बसवलं, चहा विचारला. पाव्हणीनं पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, तसं मी म्हटलं. आता ती आग्रह करील म्हणून थांबले. तिनं केटल जागेवर ठेवून दिली. चहा गेला तो गेला, पाठ केलेलं वाक्यही त्याच्यासोबत गेलं.

मग मी उठून खिडकीशी गेले, आईचा डबा आतल्या बाजूला फिरवला आणि त्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. तिला ती नक्षी वाटली होती. मी माझं नाव वाचलं, छातीला हात लावला. खालची ओळ वाचली, “आईकडून.” आणि म्हटलं, “फ्रॉम मदर. मदर नो मोअर.”

तिनं पुदिना मुळांसकट उपटून एका वाडग्यात ठेवला, डबा घासला, पुसला, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

रिकामा.

ज्या डब्यासाठी तीन आठवडे जीव टाकला, तो समोर होता आणि माझा हात पुढे होईना. आईचा डबा, आणि रिकामा घरी न्यायचा? ती डबा पुढे करते, मी मागे सरते. तिला वाटलं असेल, या बाईला नक्की हवंय तरी काय.

“शुगर,” मी म्हटलं. “लिटल.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. पण गेली, साखरेची पिशवी आणली आणि लागली डब्यात ओतायला. आणि खालून साखर पडायला लागली. सरळ, चार धारांनी, तिच्या गालिच्यावर.

झाडाचं पाणी निघून जावं म्हणून तिनं तळाला भोकं पाडली होती. चार, अगदी मापात.

तिचा चेहरा असा उतरला की बस्स. तिनं घाईनं तळाखाली हात धरला. तिच्या बोटांतून साखर गळायला लागली, म्हणून मी तिच्या हाताखाली माझा हात धरला. आईच्या डब्याला भोकं पडली याचं मला त्या क्षणी काहीतरी वाटायला हवं होतं. पण दोन म्हाताऱ्या एका डब्याखाली हात धरून उभ्या, हे ध्यान मला दिसलं आणि मी हसत सुटले. ती ‘सॉरी सॉरी’ म्हणत होती. पोरांच्या वहीवर मी जे लिहायचे, तेच तोंडातून गेलं, “गुड वर्क.” मग तीही हसली. साखर मी पदरात बांधून आणली.

दुसऱ्या दिवशी ती साखरेच्या दोन पिशव्या दारात ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी आणखी एक.

“आई,” लेक म्हणाली, “तू साखर मागायला गेल्ती का तिच्याकडं?”

आता तो डबा जालन्यात आमच्या गच्चीवर आहे. त्यात मीही पुदिनाच लावला, चार भोकांचा डबा आणखी कशाच्या कामाचा! लेक व्हिडिओ कॉल करते तेव्हा कधी कधी ती बाई शेजारून येते आणि तिच्या खिडकीतले दोन डबे दाखवते. ते मी परत मागितले नाहीत. तीर्थपुरीची बहीण मात्र अजून विचारते, “ती डबेखाऊ बाई बरी हाय का?” खरं काय झालं ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही. सांगायचं तर मीच येडी ठरते.