पहिला ठोका

इस्त्रीवालीला पोर कडेवर घेऊन कोण वर्गात बसू देणार होतं? पण यंदा कॉलेजनं सामानाची खोली रिकामी करून पाळणाघर काढलं आणि तिनं लगेच रुग्णसेवेच्या वर्गात नाव घातलं. "या वयात शिकून काय दिवे लावणार?" सासूनं विचारलं. "लागले की बघा," ती म्हणाली. पास झाली तर दवाखान्यात नोकरी होती. दुसऱ्यांच्या कपड्यांच्या सुरकुत्या काढण्यात जन्म घालवायची तिची तयारी नव्हती.

आज शेवटची परीक्षा होती, रक्तदाब मोजायची. मधेच खोली सोडली की वर्ष गेलं. आणि नेमकं सकाळी पोराचं अंग तापलेलं. तापाचं मूल पाळणाघरात घेत नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. तिनं त्याला पाळणाघरातल्या मावशींच्या हातात दिलं आणि तापाबद्दल ब्र काढला नाही.

आता परीक्षेच्या खोलीच्या भिंतीपलीकडे, पाळणाघरात, तो रडत होता. तिनं समोरच्या आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, हवा भरली. नळ्यांतूनही अंधूक येणारं ते रडणं एकाएकी थांबलं.

रडतं पोर परवडलं, असं गप्प झालेलं नको. हवा सुटली, ठोके आले नि गेले, तिला एकही ऐकू आला नाही.

"किती?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

आधीच्या मुलीनं सांगितलेला आजोबांचा आकडा तिच्या कानावर पडला होता. तोच ठोकून द्यावा आणि धावत सुटावं. पण एक गोष्ट ती सकाळीच लपवून बसली होती, आणि तिचं ओझं पुरे होतं.

"ऐकू आलं नाही, मॅडम. पुन्हा घेते."

"एकदाच मिळेल."

पाय दाराकडे ओढत होते. तिनं हवा अगदी हळू सोडली. टक्. पहिला ठोका. शेवटचाही तिनं निसटू दिला नाही. आकडा सांगितला, मॅडमनी 'पास' म्हणून मान डोलावली, आणि ती पळाली.

मावशी इतर मुलांपासून लांब, कोपऱ्यात बसल्या होत्या. मांडीवर पोर झोपलेलं, कपाळावर ओली पट्टी.

"डॉक्टर येऊन गेले. घसा धरलाय, औषध दिलंय."

"मावशी, सकाळी मी..."

"दारातच कळलं मला. हाताला चटका बसला."

"मग घेतलंत कसं?"

"तुझी परीक्षा होती ना. पण पुढच्या वेळी सांगायचं. आम्ही कशाला बसलोय इथं?"

पास झाल्याचा आनंद राहिला बाजूला. तिला इतकी लाज वाटली की मावशींच्या शेजारी फतकल मारून ती ढसाढसा रडू लागली.

"हळू रड," मावशी म्हणाल्या. "आत्ताच झोपलाय."