तळ्यापलीकडचा पिंपळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी हदगावच्या आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचं नाव घेईन. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजचा फॉर्म भरायला बाई माझ्यासोबत एसटीनं आल्या आणि रांगेतही उभ्या राहिल्या. वर्गात त्यांचा एकच नियम होता: जे पाहिलं तेच वहीत लिहायचं. कोरड्या ओढ्याला मी एकदा ‘खळखळ वाहणारा’ लिहिलं, तेव्हा त्यांनी ते वाक्य लाल पेनानं खोडलं होतं.

यंदा हिवाळ्यात किनवटकडच्या डोंगरातल्या तळ्याकाठची वाट चालायला जाणार, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा कळलं की त्यांची पहिली नेमणूक त्याच तळ्यापलीकडच्या वस्तीवर होती. शाळेपुढे त्यांनी पिंपळाचं रोप लावलं होतं, पण वर्षभरातच बदली मागून घेतली.

“पोरांना म्हटलं, पाणी घालत राहा, मी बघायला येते,” त्या म्हणाल्या. “गेलेच नाही. आता गुडघे एसटीची पायरीसुद्धा चढू देत नाहीत. तो आहे का, एवढं बघून ये.”

मी लातूरहून नांदेडला आलो, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं किनवट गाठलं आणि पुढे जीपनं जंगलाच्या नाक्यावर उतरलो. सोबत येणाऱ्या वनरक्षकानं वहीत माझं नाव लिहिलं आणि चारच्या आत परत यायचं, असं बजावलं. मग माझ्या हातातल्या पाच लिटरच्या कॅनकडे बघून म्हणाला, “सर, तळ्याला पाणी घालायला निघालात का?”

लातूरला नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं; तिथं नोकरीला लागल्यापासून ही सवय जडली आहे. पाण्याशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही.

वाट सागाच्या जंगलातून उतरली आणि तळ्याला लागून चालू लागली. सागाची मोठाली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. पाणी मागे हटलेल्या चिखलात रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, खूर उमटले होते. एवढं पाणी शेजारी शांत पडलेलं मी कितीतरी वर्षांनी बघत होतो, आणि कॅन मात्र या हातातून त्या हातात करत होतो. खडकांचा टप्पा आला तसा माझा वेग फारच कमी झाला. वनरक्षकानं घड्याळ पाहिलं. असंच चाललो तर इथूनच मागे फिरावं लागेल, कॅन झाडाखाली ठेवा, असं तो म्हणाला. मला ते पटत होतं, पण पाणी सोडून जायला हात धजेना. शेवटी त्यानंच कॅन खांद्यावर घेतला.

वस्तीवर शाळेची नवी खोली होती. तिच्यापुढे दगडांच्या गोल आळ्यात एक जांभूळ उभं होतं. पिंपळ कुठेच दिसला नाही. तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या मावशींना विचारलं, तर त्या बाईंच्याच वर्गातल्या निघाल्या.

“पिंपळ बाई गेल्या त्याच उन्हाळ्यात शेळ्यांनी खाल्ला,” त्या म्हणाल्या. “बाई आल्यावर रागावतील म्हणून आम्ही पोरांनी तिथंच जांभूळ लावलं. येतो म्हणल्या होत्या. आल्याच न्हाईत.”

मी त्यांना कॅनमधलं लातूरच्या बोअरचं पाणी दिलं. घोटभर पिऊन त्या म्हणाल्या, “तुमचं पाणी खारट हाय.”

परतताना वाटभर वाटत होतं, पिंपळ आहे असं लिहून टाकावं. बाई काही बघायला येणार नव्हत्या. पण तो लाल पेन आठवत राहिला. लातूरला आल्यावर पत्र लिहिलं.

“बाई, सविनय जयभीम.

तुमचा पिंपळ नाही. पहिल्याच उन्हाळ्यात तो शेळ्यांनी खाल्ला. तुम्ही येऊन रागवाल म्हणून पोरांनी त्याच आळ्यात जांभूळ लावलं. माझ्या दोन्ही हातांच्या कवेत त्याचं खोड मावलं नाही. आळ्याचे दगड तुम्ही रचलेलेच आहेत, असं तुमची विद्यार्थिनी म्हणाली. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे.

तुम्ही आला नाहीत, हे तिच्या अजून लक्षात आहे. पलीकडच्या बाजूनं वस्तीपर्यंत कच्चा रस्ता झालाय आणि शाळेपुढे जीप उभी होती. हे मात्र मी पाहिलं. पाऊस लागायच्या आधी जांभळं पिकतील. मी जीप सांगून ठेवतो. पाणी मी घेईन.”