रत्नाक्कानं चिकटवलेले ळ

सुजाताचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. रत्नाक्काची ही लेक एरवी फोनवर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. त्या सकाळी तिनं फक्त "मावशी, आई गेली" एवढंच सांगितलं... शटर तसंच खाली ओढून मी रिक्षा केली. राजारामपुरीतून कळंबा काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. पोहोचले तेव्हा घरात त्रिसरण-पंचशील म्हणणं चाललं होतं. मी दाराशी उभी राहिले. मला ते पाठ नव्हतं, आणि इतक्या वर्षांत आपण ते पाठ केलं नाही याची त्या क्षणी लाज वाटली.

आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार जण तिच्याबद्दल बोलले. बाई कष्टाळू होत्या, मनमिळाऊ होत्या, असं सगळ्यांनी सांगितलं. कष्टाळू ती होतीच, पण मनमिळाऊ वगैरे नव्हती. ती हट्टी होती. तिच्या त्या हट्टामुळं माझं काय झालं, हे मला लिहायचं आहे, कारण ते माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही दोघी राजारामपुरीतल्या एका छापखान्यात कामाला होतो. मालकांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी मोठ्या हौसेनं फोटोटाइपसेटिंगचं मशीन आणलं होतं. आजच्या मुलांना ते नाव सांगून काही कळत नाही, म्हणून थोडं सांगते. त्या मशीनमध्ये काळ्या फिल्मची एक पट्टी असे, तिच्यावर सगळी अक्षरं पारदर्शक. कीबोर्डवर 'क' दाबला की 'क'मधून उजेडाचा झोत जायचा आणि आतल्या फोटोच्या कागदावर 'क' उमटायचा. तो कागद अंधाऱ्या खोलीत फोटोसारखाच धुवायचा. मजकुराच्या लांबच लांब पट्ट्या मिळत. त्यांना आम्ही ब्रोमाइड म्हणायचो. ती वाळली की कापून पानावर चिकटवायची, आणि त्या पानाचा फोटो काढून पुढं छपाई. चिकटवायचं काम माझं होतं.

रत्नाक्का आली ती ब्रोमाइड धुवायला. त्याआधी पंधरा वर्षं तिनं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, हातानं जुळवली होती. तो छापखाना बंद पडला आणि अण्णांनी तिला घेतलं, पण मशीनवर नाही, अंधाऱ्या खोलीत. खिळे जुळवणाऱ्यांना हे जमत नाही, असं तेव्हा सगळेच मानत. तिनं वाद घातला नाही. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर पूर्ण कीबोर्ड आखला आणि कळंब्याहून येताना-जाताना बसमध्ये तो मांडीवर ठेवून बोटं चालवायला लागली. शेजारचे प्रवासी बघत राहायचे. चार-पाच महिन्यांनी मशीनवरचा ऑपरेटर पुण्याला निघून गेला आणि अण्णा नवा माणूस शोधू लागले. एके सकाळी ती सरळ जाऊन मशीनसमोर बसली आणि कीबोर्डकडे न बघता एक पान लावून दिलं. अण्णांनी पान दोनदा वाचलं. चूक नव्हती. त्यानंतर त्यांनी माणूस शोधला नाही.

मी तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. आमचं गाव हुपरीच्या पलीकडं, सीमेला लागून. घरात निम्मं बोलणं कन्नड. त्यामुळं तोंडात अक्का आलं आणि छापखान्यात ती सगळ्यांचीच रत्नाक्का झाली. तोंडानं अक्का म्हणत होते, पण पहिले सात-आठ महिने मी तिच्यासोबत डबा खाल्ला नाही. माझ्या घरात जे चालत आलं होतं तेच मी छापखान्यात चालवत होते. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन गच्चीच्या जिन्यावर जायची, ऊन खायला म्हणून. ती काही विचारायची नाही. पण तिला कळलेलं आहे, हे मलाही कळत होतं. तिच्याबद्दल लिहायला बसले आणि हे गाळलं, तर हा लेख न लिहिलेला बरा.

त्याच वर्षी आमच्याकडं शहरातल्या एका मुलींच्या शाळेच्या स्मरणिकेचं काम आलं. शंभरावर पानं, आणि समारंभ पंधरा दिवसांवर. एका सकाळी रत्नाक्का पहिली प्रुफं घेऊन मुख्याध्यापिकाबाईंकडं गेली होती. मशीनच्या खोलीत मी एकटी. काही अक्षरांच्या कडा धुरकट येत होत्या. वाटलं, आपण मशीनमधली अक्षरांची पट्टी पुसून ठेवावी, तिलाही बरं वाटेल. पट्टीला मऊ ब्रशशिवाय काही लावायचं नाही, हा नियम मला माहीत होता. तरी मी स्पिरिटचा बोळा फिरवला. कापसात काय खडा होता कोण जाणे. पट्टीवर एक ओरखडा उठला, बारीकसा. मी पट्टी जागेवर बसवली, बोळा माझ्या टेबलाखालच्या डब्यात टाकला आणि कामाला लागले.

रत्नाक्का शाळेतून परतली, तिनं पुढचा मजकूर लावला आणि दुपारी अंधाऱ्या खोलीतून ओलं ब्रोमाइड हातात धरून बाहेर आली. सगळी अक्षरं स्वच्छ आली होती, फक्त 'ळ'च्या जागी काळा गोळा. ओरखड्यानं नेमका 'ळ'भोवतीचा काळा थर गेला होता, तिथून नुसता उजेड जात होता. आणि शाळेच्या स्मरणिकेत 'ळ' नाही असं वाक्य सापडणं मुश्कील! शाळा, फळा, खेळ, सकाळ, वेळ... ओळीओळीला काळे गोळे. अण्णांनी पट्टीवर ब्रशनं काळी शाई भरून बघितली, तर 'ळ' उमटायचाच बंद झाला. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तर नवी पट्टी यायला महिना तरी लागेल म्हणाला. अण्णा भडकले. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "खिळं उचलायचं हात ते. त्यास्नी मशीनवर बसवलं, हीच माझी चूक झाली."

रत्नाक्कानं ब्रोमाइड दोरीवर अडकवलं आणि एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून कात्री चालवत राहिले. कागद कापायचा नव्हता तरी कापत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा ती माझ्या टेबलाजवळ उभी होती. हातात तो स्पिरिटचा बोळा. तिनं तो माझ्यासमोर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "सुमन, मी तुझं नाव घेणार न्हाय. पर तू घ्यावंस."

एवढं बोलून ती मशीनच्या खोलीत गेली. नोकरी जाणार हे दिसत होतं. घरी परत गेले तर लग्न लावून देतील, हेही दिसत होतं. गप्प बसले असते तर काहीही झालं नसतं, ती खरंच बोलली नसती. तेच सहन होईना. मी उठले, अण्णांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून टाकलं.

अण्णा थकल्यासारखे म्हणाले की आता कुणी केलं त्याला काय करायचं, शाळेला काम जमत नाही म्हणून कळवायला पाहिजे. रत्नाक्का दाराशी येऊन उभी होती हे आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं.

"कळवू नका. ळ मी लावतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल येतो-जातोच म्हणतात. अण्णांनी विचारलं, कसं लावणार? तिनं रात्री सगळं मनात मांडून ठेवलेलं होतं. जुन्या ब्रोमाइडांमधून त्याच मापाचे वीसेक चांगले 'ळ' कापायचे, एका कागदावर ओळीनं चिकटवायचे, त्याचा फोटो काढायचा, त्या फोटोच्या प्रती जोडून पुन्हा फोटो, की कागदच्या कागद 'ळ'चे तयार. मशीनवर मजकूर लावताना 'ळ'च्या ठिकाणी तेवढीच जागा मोकळी सोडायची आणि तिथं हातानं 'ळ' चिकटवायचा. अण्णा म्हणाले, हजारो निघतील. ती म्हणाली, "निघू देत की. माझं हात खिळं उचलायचं हाईत." मग जरा थांबून म्हणाली, "आनि अण्णा, काल सगळ्यांसमोर बोलला. आज बी सगळ्यांसमोरच बोला."

अण्णा केबिनमधून बाहेर आले. रत्नाबाईंची चूक नव्हती, मी रागात बोललो, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मीच घेतलं. नोकरी राहिली. अण्णांनी एवढंच बजावलं, की स्मरणिका वेळेत गेली नाही तर मग बघू.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसून 'ळ' लावत होतो. दिवस उजाडला की यायचं आणि उजेड जाईपर्यंत बसायचं, कारण ट्यूबलाइटमध्ये ते काम नीट व्हायचं नाही. ब्लेडच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढं अक्षर घ्यायचं, मागं सोल्युशनचा, म्हणजे पातळ डिंकाचा थेंब, आणि मोकळ्या जागेत असं बसवायचं की दोन्हीकडच्या अक्षरांच्या रेघेला त्याची रेघ भिडली पाहिजे. माझे 'ळ' सुरुवातीला खाली उतरायचे. ती ते काढून टाकायची आणि पुन्हा लावायला लावायची. मी एकदा म्हटलं, एवढं कोण बघतंय. तिनं ब्लेड खाली ठेवलं. म्हणाली की वाचणाऱ्याला चूक दिसत नाही, पण वाचताना तो अडखळतो, आणि आपण का अडखळलो ते त्याला कळतही नाही. ते पान मी पुन्हा केलं.

त्या आठांतल्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उचलला, जिन्याकडं निघाले आणि मध्येच वळून तिच्या टेबलाशी आले. तिनं वर न बघता कागद बाजूला सरकवून जागा केली.

"हात धुतलास काय? सोल्युशन हाय हाताला," एवढंच म्हणाली.

मी हात धुऊन आले. तिच्या डब्यात त्या दिवशी ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ होती. त्यानंतर ती असेपर्यंत आम्ही एका टेबलावर जेवलो.

स्मरणिका समारंभाच्या आदल्या दिवशी शाळेत पोहोचली. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळी पानं चाळली, एका फोटोखालचं नाव चुकलं म्हणून कुरकुर केली. 'ळ'बद्दल एक शब्द नाही. परत येताना रत्नाक्का रिक्षात गालातल्या गालात हसत होती. तिला कुणी शाबासकी दिली असती तरी इतकं बरं वाटलं नसतं.

नव्वदचं दशक संपता संपता कॉम्प्युटर आले आणि ते मशीन भंगारात गेलं. अण्णांनी तिला छापलेले कागद दुमडायच्या कामावर यायला सांगितलं. तिनं नम्रपणे नाही म्हटलं आणि पंचेचाळिशीत राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नाव घातलं. तिथल्या मुलानं विचारलं, मुलीसाठी चौकशी करताय का? ती म्हणाली, मुलगी शिकलीय, आता माझी पाळी. कीबोर्ड पूर्ण वेगळा होता, आठ-नऊ वर्षांची सवय मोडायची होती. पुन्हा पुठ्ठा आला, पुन्हा बस आली. यावेळी शेजारी मीही बसायची, कारण तिनं माझंही नाव परस्पर घातलं होतं. वर्षभरात आम्ही दोघींनी मिळून अक्षरजुळणीच्या दुकानासाठी एक गाळा घेतला, दहा बाय बाराचा. पाटीवर कुणाचं नाव आधी यावं यावर आम्ही भांडलो. दोघींनाही दुसरीचं आधी हवं होतं. शेवटी तिचंच ऐकावं लागलं, आणि माझं नाव आधी आलं.

नंतर तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोन दिवस डायलिसिस. पहिल्या दिवशी मी सोबत गेले, तेव्हा तिनं पिशवीतून प्रुफं काढली. एक हात मशीनला जोडलेला, दुसऱ्या हातात पेन्सिल. नर्सनं सांगितलं, आजी आराम करा. ती म्हणाली, "चार तास नुसतं छताकडं बघत बसू व्हय?" अडीच वर्षं ती असंच प्रुफं तपासत राहिली. काम थांबवायची वेळ झाली की त्या ओळीपाशी बारीक रेघ मारून 'इथपर्यंत' असं लिहायची. मी दुकानात तिथून पुढचं बघायची. काही दिवस तिच्यानं दोन पानंच व्हायची, काही दिवस अर्धंच. पण रेघ आणि 'इथपर्यंत' चुकायचं नाही.

शेवटचं काम हुपरीच्या एका चांदी कारागिराच्या पुस्तकाचं होतं. पैंजण कसे घडवतात, याबद्दल त्यांनी आयुष्यभर केलेली टिपणं. ती गेल्यावर ते गृहस्थ भेटायला आले, बराच वेळ बसले, पुस्तकाचा विषय त्यांनी काढला नाही. जाताना मीच सांगितलं की पुस्तक ठरल्या वेळेला मिळेल. सांगितलं खरं, पण प्रुफं कुठं आहेत हेच मला ठाऊक नव्हतं. दुकानात नव्हती. गेल्या आठवड्यात सुजाता दवाखान्यातली पिशवी घेऊन आली. आत चष्मा, रुमाल, अर्धा बिस्किटांचा पुडा, आणि तळाशी ती प्रुफं.

मी पानं उलटत गेले. खुणा नेहमीसारख्याच होत्या, फक्त शेवटी शेवटी फिकट होत गेल्या होत्या. त्रेचाळीसाव्या पानावर तिसऱ्या ओळीखाली रेघ होती. तिच्यापुढं 'इथपर्यंत' होतं. आणि त्याखाली, कधी नव्हे ते, आणखी दोन शब्द होते: 'पुढं सुमन.'

सुजाता समोरच्या खुर्चीवर बसून रडत होती. मी तिला पाणी दिलं. मग पेन्सिलला टोक केलं, रत्नाक्काची खुर्ची खिडकीकडं ओढून घेतली आणि चौथ्या ओळीपासून वाचायला लागले.